धरणाखालचा चैत्र

चैत्र लागला की सिंधुदुर्गातले बहुतेक व्हाळ आटून कोंडांपुरते उरतात. पात्रातले धोंडे उघडे पडतात, त्यांच्यावरच्या शेवाळाचे पापुद्रे सुटतात, आणि श्रावणात जिथे पाय घालायची हिंमत होत नव्हती तिथून माणसं चपला न काढता पलीकडच्या वाडीत जातात. दोडामार्ग तालुक्यात तिलारीकाठी मात्र वेगळंच चालतं. आभाळात ढगाचा ठिपका नसताना भर उन्हात पाणी वीतभर चढतं, काही वेळाने उतरतं, एखाद्या दिवशी पुन्हा चढतं. वर कुणीतरी दार उघडलेलं असतं, नाहीतर वीजघरातलं चक्र फिरायला लागलेलं असतं.

या चढउताराकडे डोळे लावून बसणाऱ्यांत काठावरच्या एका गावातला साठी ओलांडलेला बागायतदार आहे. अख्खा गाव त्यांना काका म्हणतो. इथेही तेच बरं. काजूची बाग हे त्यांचं पोट. तरुणपणी धरणाच्या मातीकामावर त्यांनी मजुरी केली, आणि तेव्हापासून आजतागायत फाल्गुन ते वैशाख या काळात नदीवर गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जाणं त्यांनी सोडलेलं नाही. घरापुरते मासे ठेवून उरलेले साटेली-भेडशीच्या बाजारात जातात. धरण होण्याआधीची नदी आणि नंतरची नदी अशा दोन्ही नद्यांवर ज्यांचा हात बसला, अशी माणसं आता या पट्ट्यात कमी उरली आहेत. म्हणून काकांचं म्हणणं नीट ऐकून घ्यावंसं वाटतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, धरणाखाली मासा पकडायचा तर माशाच्या आधी पाणी सोडणाऱ्याचं मन ओळखावं लागतं.

ते का, हे नकाशा समोर घेतला की कळतं. तिलारी चंदगडच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर उगवते, घाट उतरून दोडामार्गात येते, आणि गोव्यात शिरल्यावर शापोरा या नावाने शापोरा किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. एवढ्याशा लांबीत तिला अनेक ठिकाणी थांबवलेलं आहे. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली कोनाळकट्ट्याच्या वीजघरात येतं. 60 मेगावॉटचं हे वीजघर 1986 साली सुरू झालं. तिथून सुटलेलं पाणी तेरवण-मेढेच्या उन्नैयी बंधाऱ्यावर धरलं जातं. आणि या सगळ्याच्या जोडीला गोवा आणि महाराष्ट्राचं मिळून उभारलेलं मुख्य धरण आहे: मातीचं, सुमारे 73 मीटर उंच, पोटात 447 दशलक्ष घनमीटर पाणी धरणारं. दोन राज्यांचा करार 1990 सालचा. पाण्याचा जवळपास तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा. बार्देश-पेडण्यातल्या नळांना, बागांना, हॉटेलांना हे पाणी लागतं, आणि ते सर्वांत जास्त लागतं ते नेमकं उन्हाळ्यात. तेव्हा चैत्र-वैशाखात नदीत किती पाणी असावं हे कालव्याची दुरुस्ती, विजेची मागणी आणि सीमेपलीकडची तहान मिळून ठरवतात. पंचांग बघून गरी टाकायचे दिवस गेले.

काकांचा दिवस काजूने सुरू होतो. फाटफटीला बागेत जाऊन पडलेली बोंडं गोळा करायची, बिया पिळून वेगळ्या करायच्या, खळ्यात वाळत घालायच्या. ऊन डोक्यावर येण्याआधी ते नदीवर उतरतात. हातात चिवारीची काठी, तिला तंगूस, शिशाचा एक मणी आणि तरंगायला भेंडाचा तुकडा. एवढ्या सामानाची किंमत आजच्या एका साध्या रिळाएवढीही होणार नाही. पण गरी टाकायची त्यांना घाई नसते. आधी ते काठावरच्या एका मोठ्या काळ्या धोंड्याकडे जातात आणि त्यावर हात ठेवतात.

धोंड्यावर पाण्याच्या रेषेच्या वर ओला पट्टा असतो. तो किती रुंद आहे, त्याचा वरचा भाग अजून गार आहे की उन्हाने कोमट झालाय, त्यावरचं शेवाळ बोटाला चिकटतं की चुरा होऊन सुटतं, एवढं तपासलं की त्यांना कळतं, पाणी उतरून किती वेळ झाला. पट्टा रुंद आणि वरून सुका असेल तर पाणी रात्रीच तुटलंय, मासा खोल कोंडात दबून बसलाय, काठाला गरवण्यात अर्थ नाही. पट्टाच दिसत नसेल तर पाणी चढतंय. एकदा शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, आज पाणी इतक्या कमी कित्याक?" काका म्हणाले, "वरसून सोडूक नाय हा अजून. रव जरा. पाणी येतला, मगे बघ."

पाणी येतं तेव्हा आवाज होत नाही. आधी काठाशी साचलेला पाचोळा हलतो. मग दगडांमधल्या कोरड्या वाळूत ओल चढते आणि त्या वाळूतले किडे, मुंग्या बाहेर पळू लागतात. ही सगळी रसद पाण्याबरोबर वाहायला लागते, आणि कोंडाच्या तळाशी गप्प बसलेले मासे काठाकडे सरकतात. चढत्या पाण्याचा तो पहिला थोडा वेळ हीच गरवण्याची खरी वेळ. पाणी एकदा पूर्ण भरून स्थिर झालं की मासा पुन्हा पांगतो. काकांची काठी या वेळात फार उंच उठत नाही. भेंडाचा तुकडा काठापासून हातभर अंतरावर, जिथे नवं पाणी सुक्या दगडांना शिवतंय तिथेच फिरत राहतो.

आमिषाचंही त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. शेंगटीला गांडूळ, मरळीला जिवंत झिंगा, हे कुणीही सांगेल. पण चैत्रात काका एका रुमडाच्या झाडाखाली बसतात. रुमड म्हणजे औदुंबर. नदीकाठी तो पाण्यावर वाकूनच वाढतो. त्याची पिकलेली फळं टपटप पाण्यात पडतात आणि खाली मासे त्या आवाजाला सरावलेले असतात. काका एक पिकलं रुमड गरीला लावतात आणि ते लांबून न फेकता काठीच्या टोकावरून अलगद सोडतात, झाडावरून पडलं तर जसा आवाज होईल तेवढाच व्हावा म्हणून. मासा तळाशी गेलेल्या फळाकडे ढुंकून बघत नाही; पडल्या पडल्या जो घास मिळेल तोच घेतो. त्यामुळे भेंड आणि शिसं दोन्ही काढून टाकावं लागतं. फळ, गरी आणि तंगूस, बस्स. नदीकाठची झाडं तोडली की नदीतले मासे का कमी होतात हे समजायला या झाडाखाली एक दुपार पुरते.

पाणी चढण्याचा असा फायदा होतो, पण उतरण्याचं काय? पाणी एकदम तुटलं की काठाच्या खड्ड्यांत, दगडांच्या खोबणीत बोटाएवढी पिल्लं अडकतात. वैशाखाच्या उन्हात अशी ओंजळभर पाण्याची डबकी बघता बघता तापतात. काका हातातलं काम टाकून ती पिल्लं टोपलीने उचलून मुख्य धारेत सोडतात. त्यांना हे पुण्याचं काम वाटत नाही. पुढच्या वर्षीचं आपलंच ताट आहे, असं ते सरळ सांगतात. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आहे. दगडाच्या पाण्यालगतच्या कडेला पूर्वी किड्यांच्या अंड्यांचे बारीक ठिपके चिकटलेले दिसायचे. आता जिथे पाणी रोज वरखाली होतं तिथे ते क्वचितच दिसतात.

हे निरीक्षण किती मोलाचं आहे ते अमेरिकेतल्या एका प्रयोगावरून समजतं. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण झालं 1963 साली. विजेच्या मागणीप्रमाणे तिथलं पाणी रोज चढ-उतरू लागलं आणि खालच्या ग्रँड कॅन्यनमधले पाणकिडे कमी होत गेले. शास्त्रज्ञांनी कारण शोधलं ते हेच: पुष्कळ किडे पाण्याच्या अगदी कडेला अंडी चिकटवतात, आणि पाणी उतरलं की ती सुकून मरतात. म्हणून 2018 च्या मे ते ऑगस्टमध्ये धरणचालकांनी शनिवार-रविवारी पाणी कमी पण एकसारखं सोडायला सुरुवात केली. विजेची मागणी त्या दोन दिवशी तशीही कमी असते. किड्यांना अंडी घालायला दोन दिवस स्थिर कडा मिळाली, आणि किडे हे माशांचं अन्न. तिलारीवर असा प्रयोग करायला फार मोठा खर्च लागेल असं वाटत नाही. पण त्यासाठी नदीच्या पात्रातल्या पाण्याला स्वतःचा हक्क आहे हे आधी मान्य व्हायला हवं. आज पात्रात उरतं ते कालव्यांचं आणि नळांचं भागल्यावर.

धरणामुळे पडलेला आणखी एक फरक पाण्याच्या स्पर्शात आहे. खोल धरणात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि तळाचं थंड राहतं. दोन्ही थर सहजी मिसळत नाहीत. तळाच्या थरात प्राणवायूही कमी असतो. दार तळाशी असेल तर खाली येतं ते हेच गार पाणी. वैशाखात पाय बुडवला की हुडहुडी यावी असं पाणी काकांच्या बालपणी या नदीत नव्हतं. परदेशात अशा गार पाण्यात ट्राउट हा थंड पाण्यातला मासा सोडून धरणाखालची मासेमारी भरभराटीला आणली गेली. ग्लेन कॅन्यनखालीसुद्धा ट्राउट वाढला आणि त्याच वेळी तिथला मूळचा कुबडा चब मासा रोडावला. कोकणात ट्राउट नाही, ते बरंच आहे. पण इथेही पारडं कुणाच्या बाजूने झुकलंय हे काकांची टोपली सांगते. पूर्वी ज्या कोंडात मळये आणि शेंगटी मुबलक मिळायच्या तिथे आता तिलापिया जास्त लागतो.

तिलापिया आफ्रिकेतून 1952 साली भारतात आणला गेला. त्याला विणीसाठी पूर लागत नाही. उथळ, संथ पाण्यात तळाला खड्डा करतो, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन सांभाळते, आणि वर्षातून अनेकदा हे चक्र चालतं. पाणी कोण, कधी सोडतो याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. आपल्या नद्यांतल्या कित्येक माशांचं नेमकं उलट असतं. त्यांना मृगाचा पहिला लोंढा लागतो, गढूळ पाण्याचा वास लागतो, आणि मग वर चढत जाऊन नव्याने भरलेल्या व्हाळांत, शेतांच्या कडेला अंडी घालायची असतात.

हीच ती चढण. सिंधुदुर्गातल्या माणसाला चढणीच्या माशांबद्दल वेगळं सांगायला नको. जूनचे पहिले एक-दोन मोठे पाऊस झाले की रात्री बॅटऱ्या घेऊन मंडळी व्हाळांवर जातात. कुणाकडे पाग, कुणाकडे बांबूची खोईन. समुद्रातली यांत्रिक मासेमारी 1 जूनपासून बंद असते, त्यामुळे या दिवसांत घराघरांत गोड्या पाण्यातल्या माशांचंच कालवण असतं. तिलारीच्या मुख्य पात्रात मात्र ही चढण धरणाच्या भिंतीशी येऊन थांबते. पूर्वी मासा जिथवर जायचा तो वरचा भाग आता पाण्याखाली आहे. आयनोडे, सरगवे, पाल, पाट्ये, शिरंगे, केंद्रे या गावांची शेतं, देवळं आणि त्यांच्या व्हाळांतले कोंडही त्या पाण्यात गेले. तिथली माणसं खाली पुनर्वसनाच्या गावठाणांत आली. त्यांतल्या गरवणाऱ्यांना दगड न् दगड ठाऊक असलेली नदी सोडून नव्याने सगळं शिकावं लागलं. काका अशा एकाबरोबर पुष्कळ वर्षं नदीवर जायचे. तो गृहस्थ वरच्या बुडालेल्या कोंडांची नावं ओळीने सांगायचा, आणि कुठल्या कोंडात काय मिळायचं तेही. ती नावं आता कुठल्याच नकाशावर नाहीत.

पावसाळ्यात धरण भरलं की गोष्ट उलटी होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टी आणि विसर्ग एकदम आले, तेव्हा दोडामार्गातली आणि गोव्यातल्या पेडणे-डिचोलीतली नदीकाठची गावं पाण्यात गेली. मणेरीपासून खाली कित्येक बागा वाहून गेल्या, घरांत चिखल भरला. घरादाराच्या नुकसानीपुढे माशांचं नाव कोण काढणार? तरी पुढच्या उन्हाळ्यात गरवणाऱ्यांना नदी ओळखू येईना. काही कोंड गोट्यांनी भरून गुडघाभर उरले होते, आणि जिथे सपाट वाळू होती तिथे पाणी खोल झालं होतं. मोठा पूर कोंड हलवतो हे खरं. पण वरून वाळू-गोटे यायची वाट धरणाने अडवली असली तर बुजलेलं आणि खणलेलं पुन्हा समतोल व्हायला फार काळ लागतो.

नदीवर जाताना आता हत्तींचाही विचार करावा लागतो. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात आले ते येतच राहिले. केळी, माड, काजूचं नुकसान सोसून लोक थकले आहेत. नदीवरची संध्याकाळ त्यामुळे गेली. पूर्वी दिवेलागणीनंतर शेंगटीला बसायचं, ते काकांनी बंद केलं. 2020 साली तिलारीच्या 29.53 चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तेव्हा गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे होते. काकांचा कल राखण्याकडे. त्यांचं कारण पुन्हा नदीचंच: डोंगर उघडा पडला तर मृगाच्या पाण्याबरोबर माती खाली येते आणि अंडी गाडली जातात.

पाणमांजरं मात्र त्यांना आवडतात. सपाट धोंड्यावर पाणमांजराची विष्ठा दिसली की ते काडीने उकलून बघतात. त्यात मोठाले खवले असतील तर कोंडात वजनदार मासा आहे. नुसती कुर्ल्यांची कवचं असतील तर तिथे वेळ घालवू नये. या एका खुणेवर त्यांनी बसायच्या कितीतरी जागा बदलल्या आहेत.

कोंडात मासा उरायचा तर माणसाने काही गोष्टी करायच्या नसतात, आणि इथे काकांचा आवाज चढतो. पूर्वीही उन्हाळ्यात आटलेल्या कोंडात गेळाची फळं किंवा कुंभ्याची साल ठेचून टाकत, मासे गुंगून वर येत. तो प्रकार वाईटच. पण तो ठरावीक कोंडात आणि गावाने मिळून व्हायचा. आता एखादा दुचाकीवरून येतो, ब्लीचिंग पावडरची पिशवी उपडी करतो किंवा सुरुंगाचा तोटा पेटवून टाकतो, हाताला लागतील ते मोठे मासे घेऊन जातो, आणि खालच्या वळणापर्यंत पिल्लं, झिंगे, खेकडे, बेडकं पोटं वर करून तरंगत राहतात. वाहत्या नदीत हे विष तिथेच थांबत नाही. खालच्या वाड्यांच्या विहिरी नदीकाठीच आहेत. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्याला आपल्याकडे बंदी आहे ती थेट 1897 च्या मत्स्य कायद्यापासून. गरज आहे ती नदीवर कुणाची तरी नजर असण्याची.

ती नजर गाव ठेवू शकतो, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. रायगडमध्ये महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठावर वरदायिनीचं देऊळ, आणि कोंडातले महसीर मासे देवीचे म्हणून त्यांना कुणी धक्का लावत नाही. वाडा गावाजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या पायथ्याशीही तसंच. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात महसीरची पिल्लं वाढवण्याचं काम 1970 च्या दशकापासून चाललं आहे. आणि शेजारच्या आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात सापडलेली माशाची नवी जात 2020 साली जगासमोर आली. पुढच्याच वर्षी तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ झाला. बोटाएवढ्या माशासाठी शासन एखादी जागा राखू शकतं, तर तिलारीच्या काठावरचा एखादा रुमडाखालचा कोंड ग्रामसभेच्या ठरावाने राखायला काय हरकत आहे? काकांनी हे गावच्या बैठकीत मांडलं. विरोध कुणी केला नाही. ठराव व्हायचा आहे.

त्यांची दुसरी मागणी आणखी साधी आहे. पाणी सोडायची वेळ आदल्या दिवशी गावच्या मोबाईल गटावर यावी, उन्हाळ्यातसुद्धा. पावसाळ्यात तसे इशारे येतात. इशाऱ्याची पातळी, धोक्याची पातळी सगळं कळतं. चैत्रातल्या वीतभर पाण्याची कुणी वर्दी देत नाही. पण सुट्टीत आलेली मुलं त्याच वेळी पात्राच्या मधल्या धोंड्यावर बसलेली असतात, आणि पलीकडे कपडे धुवायला गेलेल्या बाईला परतीची वाट राहत नाही.

वैशाख सरता सरता काकांची काठी पडवीच्या आढ्याला जाते. आंबे उतरवायचे असतात, कौलं परतायची असतात. शिवाय या दिवसांत माशांच्या पोटात गाबोळी भरायला लागते, आणि गाबोळीचा मासा ते धरत नाहीत. यावरून त्यांचं घरात आणि बाजारात दर वर्षी भांडण होतं. गाबोळी ही अनेकांच्या जिवाची आवड. तव्यावर नुसती तिखट-मीठ लावून परतली तरी ताट पुसून खातात. बाजारातल्या जुन्या गिऱ्हाइकांना काका सांगतात, पाऊस पडेपर्यंत माझ्याकडे मासा नाही. त्यावर एकजण म्हणाला, "तुम्ही नाय धरलास तर दुसरो धरतलो." काकांनी मान डोलावली, काजूच्या बियांचं पोतं वजनकाट्यावर चढवलं आणि त्याच्याच हातात सुतळीचं टोक दिलं, तोंड बांधायला.